ओटीवरचा नवा राउटर

प्रिय बाबा,

आला! एकदाचा आला! आपल्या घरात नवा राउटर आला, लावला, चालला, आणि काल त्याच्यावर आख्खी मॅच खेळून झाली. तुला सांगितल्याशिवाय हे माझ्या पोटात राहीना. म्हणून आज ऑफिसातून आल्या आल्या कागद घेऊन बसले. आई ओरडतेय, "अगं, हातपाय तरी धू!" म्हटलं, थांब गं, आधी बाबाला सांगते.

तुझं वर्षश्राद्ध गेल्या आठवड्यात झालं. वर्षभर आईनं घरात नवी वस्तू येऊ दिली नाही. मिक्सर बिघडला तर तिनं पाट्यावर वाटण वाटलं, पण नवा मिक्सर नाही. श्राद्धाचे पाहुणे गेले, मोठी पातेली घासून पालथी पडली, तेव्हा ती बोलली, "आता आणा काय आणायचंय ते." आणि वर्षानंतर आपल्या घरात आलेली पहिली नवी वस्तू कोणती? मिक्सर नाही, फ्रिज नाही, सोनं तर नाहीच नाही. राउटर! हसतोयस ना? हस, हस. आई मात्र अजून पाट्यावरच वाटतेय आणि मला टोमणे मारतेय.

पण घाई का होती, ते ऐक.

खाली आपण, वर जयाकाका, आणि पुढचा मोठा हॉल, ज्याला आपण सगळे अजून ओटीच म्हणतो, तो दोन्ही घरांचा. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा तूच बोलला होतास, "चूल ज्याची त्याची, ओटी एकच." म्हणून नेटचं कनेक्शन एकच, राउटर एकच, आणि तोही ओटीवर. काकाची सोनल आणि यश कॉलेजातून आले की बॅगा वर टाकून धडाधड खाली यायचे. मी आणि रोशन होतोच. आम्ही चार भावंडं मिळून गेम खेळायचो आणि तू मध्येच मान घालून विचारायचास, "यातली आपली मानसं कोनची? निळी का लाल?" कितीदा सांगितलं तुला, निळी! तरी तू लाल मेला की हळहळायचास.

तू गेलास आणि काका ओटीवर यायचा बंद झाला. रोज संध्याकाळी तुझ्या शेजारी बसून चहात बेकरीचे बटर बुडवणारा माणूस बाहेरच्या जिन्यानं जायला-यायला लागला. आम्ही विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मग पोरंही वरच बसायला लागली. ओटीवर फक्त आईचे सुकट निवडायचे पेपर उरले.

आणि श्राद्धाच्या दुसऱ्याच दिवशी काका दारात उभा राहून आईला बोलला, "वैनी, मी वर येगला नेट घेतो. सोमवारी मानूस येल लावायला."

"का? काय झालं?"

"वर नेट येत नाय. पोर्टावरच्या कामाचे कागद पाठवायला बसलो का अर्ध्यावर लटकतात. त्यात यश त्याच्या गेमच्या नावानं बोंबलतो."

खोटं काय होतं त्यात? खरंच येत नव्हतं. आई "बरं" बोलली आणि आत जाऊन भांडी आपटायला लागली. बाबा, चूल गेली तेव्हा मी लहान होते, मला काही कळलं नाही. आता नेट पण गेलं, तर ओटीवर यायचं कारण काय उरणार? सणाला नैवेद्याचं ताट वर पाठवायचं, एवढंच ना?

मी तशीच चपला न घालता काकाच्या मागे जिन्यात धावले. "काका, रविवारपर्यंत थांब. मी असा राउटर आणते की वरसुद्धा धो धो नेट येईल. रविवारी आमची मॅच आहे. मॅच नीट झाली, तुझे कागद गेले, तर त्या माणसाला नको म्हण. नाहीतर घे वेगळं."

काका जिन्यातच थांबला. "तुजा तू बघ," बोलला आणि गेला. नाही तर नाही बोलला ना! मला तेवढं बस झालं.

मॅच कसली ते सांगायचं राहिलं. नवीन पनवेलमधल्या एका गेमिंग कॅफेनं स्पर्धा ठेवली होती, पनवेल-उरणच्या पोरापोरींसाठी. चौघांची टीम, घरबसल्या खेळायचं, पहिल्या दोन टीम पुढच्या फेरीत. आमच्या टीमचं नाव ओटी स्क्वॉड. कॅप्टन मी. तुझी छाती फुगली असेल ना? कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन दोन दिवस हेच सांगत बसला असतास.

तर मी लागले कामाला! आधी जुना राउटर बघायला ओटीवरच्या त्या लोखंडी कपाटावर चढले. बाबा, काय हे? कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, भिंत आणि कपाट यांच्या बेचक्यात तो बिचारा बसलेला. वर धूळ बसू नये म्हणून तू घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. अँटेनाला दसऱ्याच्या झेंडूचा वाळका दोरा, डोक्यावर हळदकुंकू. हात लावला तर तापलेला तवा! वर्षभर रोशन म्हणत होता, खाली काढून बघूया. पण त्यानं स्टूल घेतलं की आई बोलायची, "त्यांनी ठेवलाय, हलवू नको." काकू वरून यायची तर तीपण तेच. तू ठेवलास म्हणून आम्ही तुझ्या राउटरला देवच करून टाकलं! लोखंडाच्या मागे लपलेल्या डब्याकडून वरच्या मजल्यावर नेट मागत होतो, आणि नाही आलं की कंपनीला शिव्या देत होतो.

मी तो काढून मधल्या उघड्या फळीवर ठेवला. पिशवी काढली. लगेच फरक! वर यशच्या खोलीत निदान सिग्नलची एक दांडी वाढली.

मला एक विचार आला, आणि तो आला तसा मी आईला बोलून दाखवला. "आई, बाबानं मुद्दाम तर नसेल ना तिथे ठेवला? वर नेट जाऊ नये, म्हणजे पोरं खाली येतील?" माझे डोळे भरून आलेले. आई सुकट निवडत होती. मान वर न करता बोलली, "नाय गं बाई. त्यांना कपाटाच्या मागं प्लग सापडला, म्हणून तिथं."

बोल आता! खरं काय ते तूच सांग.

पण नुसती जागा बदलून भागणार नव्हतं, कारण दुसरा घोळ पण तुझाच. हे घर तू स्वतः उभं राहून बांधलंस. आयुष्यभर लोकांची सेंटरिंगची कामं घेतलीस आणि स्वतःच्या घराला हात सैल सोडलास. स्लॅबमध्ये सळया दुप्पट! "भूकंप आला तरी हालनार नाय." अरे, भूकंपाचं राहू दे, वायफायसुद्धा हलत नाही त्याच्यातून! वायफाय दोन तऱ्हेचं असतं. हळू चालणारं कसंबसं वर पोचतं, आणि वेगवान असतं ते जिन्याच्या पहिल्या वळणावरच दम टाकतं.

मग मी चार संध्याकाळी नुसते व्हिडिओ बघितले. सल्ले द्यायला तर आपलं आख्खं कोन गाव! रोशनला लाल लाइट लागणारा हवा होता, म्हणे त्यानं गेम फास्ट होतो. सोनलला पांढरा हवा, भिंतीला शोभणारा. आईचा एकच प्रश्न, "गॅरंटी किती?" समोरचे तात्या तर बोलले, "जेवढ्या अँटेना जास्ती तेवढा चांगला." सगळ्यांचं ऐकलं आणि जनाचं ऐकून मनाचं केलं.

शनिवारी रोशनला घेऊन पनवेलच्या बाजारात तुझ्या नसीमभाईंच्या दुकानात गेले. त्यांनी मला बघितलं आणि आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुझा बाप दोस्त होता माझा. अल्ला त्याला जन्नत देवो," बोलले. मग लगेच धंद्यावर आले. फळीवरून एक भलंमोठं खोकं काढलं. आत काळा राउटर, आठ पाय वर करून पडलेल्या खेकड्यासारखा. "बेटा, हा ने. गेमिंगवाला. चीता आहे चीता!"

रोशनचे डोळे चमकले. मी विचारलं, "चाचा, याला मागे वायर लावायला जागा किती? आणि त्या वेगवान आहेत ना? गेमला आधी वाट देता येते का यात? म्हणजे काकाचे कागद चढत असतील तेव्हा आमचा गेम अडकायला नको. आणि वरच्या मजल्यासाठी याचाच जोडीदार डबा मिळतो का, वायरनं जोडता येईल असा?"

नसीमभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "या अल्ला! तुझा बाप यायचा, तो फक्त विचारायचा, 'चालेल ना?' मी हो बोललो की घेऊन जायचा. तू तर इम्तिहान घेतेस!"

पण बाबा, विचारायलाच लागतं! खोक्यावर मोठाले आकडे लिहिलेले असतात, पण आपल्या घरात येणारं नेट जेवढं, तेवढंच मिळणार. नळाला पाणी कमी तर हंडा मोठा घेऊन काय उपयोग? आणि गेमला तर वेगापेक्षा उशीर महत्त्वाचा. मी बटण दाबलं आणि बंदूक अर्ध्या सेकंदानं उडाली, तर तोवर समोरचा मला मारून पुढच्या गल्लीत गेलेला असतो. त्यावर उतारा एकच, गेमच्या मशीनला थेट राउटरमधून वायर. वायफाय फोनला, टीव्हीला, आईच्या कीर्तनाला.

शेवटी खेकडा तिथेच राहिला. मी साधा, चौकोनी, दिसायला अगदी गरीब गाय असा राउटर घेतला, सोबत त्याचाच जोडीदार, आणि भलीमोठी वायरची गुंडाळी. रोशन रिक्षात फुगून बसला होता. "याला एक पण लाल लाइट नाही," एवढंच बोलला.

आणि घरी येता येता माझ्या लक्षात आलं. वर जोडीदार डबा लावला की वरसुद्धा धो धो नेट. मग यश-सोनल खाली कशाला येतील? वर नेट नाही दिलं तर काका वेगळा होणार, दिलं तर पोरं वरच बसणार. म्हणजे दोन्हीकडून ओटी रिकामीच! रोशन पटकन बोलला, "मग वरचा डबा लावूच नको ना. नसीमभाईंना परत देऊ." क्षणभर वाटलं, तसंच करावं. पण काकाला शब्द दिलेला. आणि कुणाला उपाशी ठेवून पंगतीला बसवायचं, ही काय रीत झाली?

संध्याकाळी काका ड्रिल मशीन घेऊन आला. वायर वर न्यायला जिन्याजवळ स्लॅबला भोक पाडायचं होतं. तू घातलेल्या सळईवर ड्रिल आपटलं आणि नुसतं किंचाळलं. काकानं जागा बदलली, परत सळई! तिसऱ्यांदा पण सळई, तेव्हा तो छताकडे बघून ओरडला, "अरे दादा, घर बांदला का धरन बांदला?" मी खूप हसले. तोही हसला. वर्षभरात त्याला हसताना पहिल्यांदा बघितलं, म्हणून धीर करून विचारलं, "काका, तू ओटीवर का येत नाहीस?"

त्यानं ड्रिल चालू केलं. वायर वर गेली, डबा लागला. काकानं तिथे बसून कागद पाठवले, ते सरसर गेले. "हां," बोलला. बस, एवढंच. सोमवारच्या माणसाचं नाव नाही काढलं.

काल रविवार. मॅच दुपारी. मी ओटी झाडली, टेबलं लावली, चार खुर्च्या मांडल्या. आई बोलली, "बोलावलंयस का त्यांना?" नाही बोलावलं, बाबा. वरसुद्धा वायर होती, वरसुद्धा नेट होतं. यायचं तर मनानं यावं. रोशन दर मिनिटाला जिन्याकडे बघत होता.

वर काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. मग आतल्या जिन्यात पावलं. आधी सोनल आली, लॅपटॉप छातीशी धरून. मागून यश, मॉनिटर घेऊन. आणि त्याच्या मागे काका! यशचा तो अवजड सीपीयू दोन्ही हातांत, गणपती आणावा तसा, एकेक पायरी सांभाळत. मागे काकू चिवड्याचा डबा घेऊन, "हलू हो, हलू!"

"कुठं ठेवू?" काका बोलला. आईनं टेबल दाखवलं.

आणि मग माझी फजिती ऐक! एवढा अभ्यास करून मी मोजायलाच चुकले. राउटरला मागे वायरींना जागा चार. त्यातली एक वरच्या डब्याला गेलेली. उरल्या तीन, आणि आम्ही चार! मॅच सुरू व्हायला आली होती. यश ओरडला, "कॅप्टन, काय हे?" रोशन म्हणतो, मी वायफायवर खेळतो, सोनल म्हणते, मी. मी घामाघूम.

काका माझ्या मागे येऊन उभा राहिला. "ही चौथी वायर कसली?"

"तुझ्या घरची. वरची."

"काड ती."

"अरे काका, मग वर नेट जाणार नाही!"

काकानं ओटीवर एकवार नजर फिरवली. काकू आईशेजारी चिवड्याचा डबा उघडून बसलेली, त्याची दोन्ही पोरं आमच्यात. "जाऊ दे ना," बोलला. "वर हाय कोन आता?"

आणि स्वतःच वाकून त्यानं ती वायर काढली. बाबा, त्या वेळी तू हवा होतास रे. का नव्हतास? एक वर्ष थांबता आलं नाही तुला?

खेळलो! असे खेळलो की काय सांगू! एक झटका नाही, एक अडकणं नाही. बटण दाबलं की गोळी. यशनं एकट्यानं तिघांना लोळवलं. सोनल शांतपणे मागे राहून सगळ्यांना वाचवत होती. रोशन तोंडानंच जास्त लढत होता. आणि मागे काका, बाबा, मागे काका विचारतोय, "यातली आपली मानसं कोनची? निळी का लाल?" आम्ही चौघं एकदम ओरडलो, "निळी!" आईनं पदर तोंडाला लावला. हसत होती की रडत होती, मला वळून बघायला वेळ नव्हता.

तरी हरलो. तिसरे आलो, अगदी थोडक्यात. दुसरी आलेली टीम उरणची होती, त्यातली एक पोरगी कसली खेळते, बाप रे! रोशन सवयीनं सुरू झाला, "नेटमुळे..." तसा काकानं त्याच्या पाठीत धपाटा घातला. "ए! नेट झकास हाय. हरलात ते तुमच्या कर्मानं. आता कुनाच्या नावानं बोंबलनार?" सगळी ओटी हसली.

पोरं चिवड्यावर तुटून पडली तेव्हा काका माझ्याशेजारी येऊन बसला. मी शनिवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं तेव्हा दिलं. "दादा नाय, तर ओटीवर येऊन बोलू कोनाशी? म्हनून नाय यायचो गो." मला वाटत होतं, तो रागावलाय. आईला वाटत होतं, तो वेगळा व्हायला बघतोय. आणि तो बिचारा तुझ्याविना बसायला घाबरत होता. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि मनसोक्त रडले. तोही रडला. मग आईनं चहा ठेवला. पाट्यावरचं आलं घातलेला!

आज सकाळी मी ऑफिसला निघत होते तेव्हा काकाचा फोन वाजला. तो नेटवाला होता. ओटीवर उभा राहूनच काका बोलला, "नको रे, कॅन्सल कर. नेट हाय आमच्यात." तिकडून काहीतरी विचारलं असणार, कारण काका वैतागला. "अरे, वरचा मजला नि खालचा मजला काय करतोस? घर एकच हाय आमचा!"

मी जिन्यावरच्या चपला घातल्या आणि बसपर्यंत नुसती धावत गेले, उशीर झाला होता म्हणून नाही.

बाबा, तुला वचन देते. चौथ्या खुर्चीसाठी छोटासा जोड डबा येत्या शनिवारी आणते, म्हणजे वरची वायर परत जोडता येईल. जे चालत नाही ते "बाबांनी ठेवलंय" म्हणून तसंच ठेवणार नाही, बदलीन. पण संध्याकाळी काकाला ओटीवर एकटं बसू देणार नाही. तुझ्याशी जे बोलायचा, ते त्यानं माझ्याशी बोलावं, इतकी मोठी मी होईन.

तुझी,
पिंकी
कॅप्टन, ओटी स्क्वॉड